वाचकांचे प्रश्न : स्ट्रेचर उचलणारे सैनिक

गेल्या अंकात पहिल्या महायुद्धातले स्ट्रेचरवाहक विल्यम कोल्टमन यांच्यावर एक छोटे टिपण आले होते. हातात बंदूक न धरता व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारा हा माणूस वाचकांना भावला असावा, कारण सोलापूर शहर आणि जिल्ह्यातून त्यावर बरीच पत्रे आली. सारख्या प्रश्नांना एकत्र उत्तर दिले आहे.

प्रश्न : लढलाच नाही त्याला सर्वोच्च शौर्यपदक कसे? आणि कोल्टमन यांनी नेमके काय केले, हे टिपणात फारच थोडक्यात होते.
— राष्ट्रीय छात्रसेनेतील विद्यार्थी, सोलापूर

उत्तर : १८५६ साली सुरू झालेल्या या पदकाची अट शत्रूसमोर असामान्य शौर्य दाखवण्याची आहे, शत्रूला मारण्याची नाही. म्हणून डॉक्टर, स्ट्रेचरवाहक आणि लष्करी पाद्रीसुद्धा त्याचे मानकरी झाले आहेत.

कोल्टमन इंग्लंडमधल्या बर्टन परिसरातले माळी. धार्मिक श्रद्धेमुळे माणूस मारायचा नाही हे त्यांचे पक्के होते, तरी ते स्वतःहून भरती झाले आणि नॉर्थ स्टॅफर्डशायर रेजिमेंटच्या १/६ व्या बटालियनमध्ये त्यांनी स्ट्रेचर उचलण्याचे काम पत्करले. ३ आणि ४ ऑक्टोबर १९१८ रोजी फ्रान्समध्ये सेकहार गावाच्या ईशान्येला मॅनेकिन टेकडीवर त्यांची तुकडी मागे हटली. हटताना काही जखमी पुढेच राहिले, असे त्यांना कळले. ते एकटे पुढे गेले, जखमी शोधले, मलमपट्टी केली आणि तिघांना एकामागून एक पाठीवर घालून मागे आणले. नंतर ४८ तास ते अखंड जखमींमध्ये होते. त्याआधीच त्यांच्याकडे मिलिटरी मेडल दोनदा आणि डिस्टिंग्विश्ड कंडक्ट मेडलही होते. तेही दुसऱ्यांदा मिळाले. दुसऱ्यांदा मिळालेले पदक वेगळे लावत नाहीत. पहिल्याच पदकाच्या फितीवर आडवी पट्टी चढते, तिला बार म्हणतात. अधिकारी नसलेल्या ब्रिटिश सैनिकांमध्ये त्या युद्धात त्यांच्याइतकी शौर्यपदके दुसऱ्या कुणाला मिळाली नाहीत.

स्ट्रेचरवाहकाने स्ट्रेचर सोडून पाठीवर का आणले, असे दोघांनी विचारले आहे. टेकडीवर मशीनगनचा मारा बाजूने, ओळीच्या लांबीवर होत होता. स्ट्रेचर धरून चालणारी दोन माणसे वाकू शकत नाहीत, वेगाने हलू शकत नाहीत, आणि एक पडला की जखमीही पडतो. एकटा माणूस पाठीवर ओझे घेऊन खड्ड्याखड्ड्यातून सरकू शकतो. अर्थात मांडीचे हाड मोडलेल्याला असे नेता येत नाही. हाडाची टोके आतल्या रक्तवाहिन्या फाडतात. कुणाला पाठीवर घ्यायचे आणि कुणाला स्ट्रेचर येईपर्यंत आडोशाला ठेवायचे, हा निर्णय अंधारात, काही क्षणांत घ्यावा लागे. कोल्टमन यांचे कसब आमच्या मते इथे होते. धैर्य तर आजूबाजूच्या अनेकांकडे होते.

आता संख्या बघा. सुमारे १००० सैनिकांच्या बटालियनला सुरुवातीला १६ स्ट्रेचरवाहक असत, पुष्कळदा बँडमधले वादकच. चौघांची टोळी धरली तर चार स्ट्रेचर! मोठ्या हल्ल्यात हे किती अपुरे पडते ते लवकरच कळले आणि पुढे हा आकडा ३२ वर नेला. त्यांचे काम पडलेल्या जागेपासून बटालियनच्या डॉक्टरच्या मदत-ठाण्यापर्यंत. तिथून मागे नेण्याची जबाबदारी फील्ड अॅम्ब्युलन्सच्या वाहकांची. (फील्ड अॅम्ब्युलन्स म्हणजे गाडी नव्हे, ते संपूर्ण वैद्यकीय पथक.) पुढे ड्रेसिंग स्टेशन, मग शस्त्रक्रियेची सोय असलेले कॅज्युअल्टी क्लिअरिंग स्टेशन, तिथून रेल्वेने तळावरचे रुग्णालय. बटालियनच्या वाहकाने मदत-ठाण्याच्या मागे जायचे नाही, हा नियम कडक होता. दोन स्ट्रेचर मागे गेली की आघाडीवर निम्मेच वाहक उरतात.

पदके कमी-जास्त का मिळतात, याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. ऑस्ट्रेलियाच्या ५५ व्या बटालियनचे अर्नेस्ट कोरी यांना मिलिटरी मेडल चार वेळा मिळाले. असे दुसरे कुणीच नाही. उलट तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीत गाढवावरून जखमी उतरवणारे जॉन सिम्पसन कर्कपॅट्रिक ऑस्ट्रेलियात घराघरांत माहीत आहेत, पण २५ एप्रिल १९१५ ला उतरून १९ मे रोजी ते मारले गेले आणि त्यांच्या वाट्याला आला तो फक्त खलित्यातला उल्लेख. शिफारस कुणीतरी अधिकाऱ्याने पाहून, लिहून, जिवंत राहून वर पाठवायची असते. रात्री, एकट्याने, साक्षीदाराविना केलेल्या कामाला कागद मिळत नाही, आणि स्ट्रेचरवाहकाचे बरेचसे काम रात्रीचेच. जाता जाता : सिम्पसन यांचा मुक्काम आणि जेवण बहुतेक वेळा भारतीय पहाडी तोफखान्याच्या खेचरवाल्यांबरोबर असे.

प्रश्न : त्या वेळचे स्ट्रेचर कसे होते? वजन किती? उचलण्याचे काही शास्त्र होते का, की फक्त ताकद?
— निवृत्त आरोग्यसेवक, बार्शी

उत्तर : ब्रिटिश आणि भारतीय सैन्यातले नेहमीचे स्ट्रेचर म्हणजे अॅश लाकडाचे दोन दांडे, एकूण लांबी ७ फूट ९ इंच. मध्ये ताणलेले कॅनव्हास ६ फूट लांब आणि १ फूट ११ इंच रुंद. खाली चार छोटे पाय. दोन्ही टोकांजवळ बिजागरीने घडी होणाऱ्या लोखंडी आडव्या सळ्या. त्या सरळ करून पक्क्या केल्या की दांडे एकमेकांपासून दूर राहतात आणि कॅनव्हास ताणला जातो. वजन सुमारे ३० पौंड, म्हणजे साडेतेरा किलो. सोबत खांद्यावरून घ्यायचे दोन पट्टे.

हिशोब करू. जखमी ६५ किलोचा धरा, वर भिजलेला ओव्हरकोट, बूट, घोंगड्या. एकूण ९० किलोच्या पुढेच जाते. दोघांनी धरले तर प्रत्येकी ४५ किलो आणि चौघांनी धरले तर २२-२३. पाठीपेक्षा आधी हार मानते ती मूठ. म्हणून पट्टे : खांद्यावरून आलेल्या पट्ट्याची फास दांड्यात अडकवली की भार खांद्यावर येतो आणि हाताला फक्त तोल सांभाळावा लागतो. पट्टा लांब राहिला तर स्ट्रेचर गुडघ्याला आपटते, आखूड झाला तर दांडा काखेत घुसतो. प्रत्येकाने आपल्या उंचीप्रमाणे तो आधीच बेतून घ्यायचा. टोळीत उंचीने सारखी माणसे समोरासमोर लावायची, नाहीतर जखमी एका बाजूला घरंगळतो.

चालण्याची पद्धत शिकवली जाई, कारण कवायतीची चाल इथे घातक ठरते. पुढचा आणि मागचा एकच पाय एकाच वेळी टाकू लागले की स्ट्रेचर लयीत हेलकावे घेते आणि मोडलेले हाड हलत राहते. म्हणून पुढचे डाव्या पायाने सुरू करतात, मागचे उजव्या. पाऊल सुमारे २० इंचांचे, गुडघे किंचित वाकलेले, टाच न आपटता पूर्ण तळवा टेकवायचा, उसळायचे नाही. सपाटीवर जखमीचे पाय पुढे असतात. त्यामुळे त्याला पुढचा रस्ता दिसतो आणि मागच्या वाहकाला त्याचा चेहरा, म्हणजे रंग आणि श्वास. चढावर डोके पुढे, उतारावर पाय पुढे, थोडक्यात डोके नेहमी वरच्या बाजूला. मांडी किंवा पाय मोडला असेल तर हे उलटे करायचे, नाहीतर शरीराचा भार मोडलेल्या भागावर सरकतो. हा अपवाद नवशिके हमखास विसरत.

बिघडते कुठे? सर्वांत साधी चूक म्हणजे आडवी सळी पूर्ण सरळ न बसणे. रिकामे स्ट्रेचर नीट दिसते, माणूस ठेवून उचलले की दांडे आत मिटतात. म्हणून उघडल्यावर सळीवर पायाने दाब देऊन खात्री करायची. भिजलेले कॅनव्हास वजनाला वाढते आणि सैल पडून झोळी होते. मग पाठीच्या जखमेला जमीन लागते. शिवाय खंदक सरळ नसत, स्फोटाचे तुकडे लांबवर जाऊ नयेत म्हणून ते वळणावळणाचे खणत. पावणेआठ फुटांचे स्ट्रेचर त्या काटकोनी वळणात वळतच नसे. पर्याय दोन : डोक्यावर उंच धरून वळवायचे किंवा खंदकाबाहेर काढून उघड्यावरून न्यायचे. दोन्हींत गोळी लागण्याची शक्यता. म्हणून काही ठिकाणी बसता येईल अशा अरुंद झोळ्या आणि खुर्च्या वापरल्या गेल्या.

१९१७ मध्ये बेल्जियममधल्या पासेंडालच्या चिखलात चौघेही पुरेनासे झाले. एका स्ट्रेचरला सहा-आठ माणसे लागत आणि थोडके अंतर कापायला कित्येक तास. तिथे उपाय निघाला तो टप्प्यांचा : ठरावीक अंतरावर ताजी टोळी बसवायची, प्रत्येकीने आपलाच तुकडा ये-जा करायचा. दमणे कमी होते हे उघड आहे, पण मोठा फायदा हा की त्या तुकड्यातला प्रत्येक खड्डा, फळी आणि निसरडी जागा टोळीला अंधारातही पाठ होते.

आणि स्ट्रेचरवर ठेवण्याआधीचे काम. मांडीच्या उघड्या अस्थिभंगात १९१६ पर्यंत सुमारे ८० टक्के जखमी दगावत, असा आकडा नेहमी दिला जातो. थॉमस स्प्लिंट आघाडीवरच लावू लागल्यावर १९१७ च्या आरास लढाईत तो सुमारे १६ टक्क्यांवर आला. ही एक लोखंडी चौकट असते. वर जांघेत बसणारे गोल कडे, खाली पावलाच्या पुढे जाणारे टोक. बूट काढायचा नाही. एकाने टाच-घोटा धरून पाय सावकाश, सतत ओढून धरायचा, दुसऱ्याने कडे वर जांघेपर्यंत सरकवायचे, मग बुटावरून बांधलेली पट्टी टोकाला पीळ देऊन ताणायची आणि शेवटी पाय चौकटीला बांधायचा. बांधून होईपर्यंत ओढणारा हात सोडत नाही. सोडला की स्नायू आक्रसतात, हाडाची टोके एकमेकांवर चढतात आणि सगळे पहिल्यापासून. वाहकांकडून ही कवायत आकड्यांच्या हुकमावर इतकी घोटून घेत की ती डोळे बांधूनही जमावी.

घोंगडीबद्दल एक बारकावा. नवखा माणूस सगळ्या घोंगड्या जखमीच्या अंगावर घालतो. थंडी खालून, कॅनव्हासमधून येते. अंगाखाली निदान वर असतील तितके थर हवेत.

प्रश्न : स्ट्रेचरवाहकाच्या दंडावर रेड क्रॉस असे का? त्याला शस्त्र बाळगता येते का?
— वाचक, सांगोला

उत्तर : पहिल्या महायुद्धात बटालियनच्या वाहकाच्या दंडावर रेड क्रॉस नसे. त्याच्या पट्टीवर ‘एस बी’ ही दोन अक्षरे असत. १९०६ च्या जिनिव्हा करारातले संरक्षण केवळ वैद्यकीय सेवेतच असणाऱ्यांना होते, आणि बटालियनचा वाहक मुळात लढणारा शिपाई मानला जाई. फील्ड अॅम्ब्युलन्सचे लोक रेड क्रॉस लावत. १९२९ च्या करारात अशा प्रशिक्षित साहाय्यक वाहकांनाही ते काम करत असताना संरक्षण मिळाले, १९४९ च्या करारात ते कायम राहिले. वैद्यकीय सैनिकाला स्वतःच्या आणि जखमींच्या बचावापुरते शस्त्र बाळगता येते. त्याने संरक्षण जात नाही.

याच ओघात : दवाखाने, औषधांची दुकाने, खासगी रुग्णवाहिका यांच्यावर पांढऱ्यावर लाल क्रॉस सर्रास रंगवलेला दिसतो. आपल्याकडे जिनिव्हा करार कायदा १९६० प्रमाणे सरकारच्या परवानगीविना ते चिन्ह वापरता येत नाही. सोलापुरात एखाद्या रस्त्याने सहज फेरी मारली तरी मोजत बसावे लागेल.

प्रश्न : आजीच्या ट्रंकेत पणजोबांची दोन पदके सापडली. एकावर घोड्यावरचा माणूस आहे. कडेवर बारीक इंग्रजी अक्षरे आहेत, त्यात ‘बेअरर’ असे वाचता येते. ते हॉटेलात कामाला होते की काय, अशी घरात चर्चा आहे.
— गृहिणी, करमाळा

उत्तर : हॉटेलशी काही संबंध दिसत नाही. भारतीय सैन्यात आर्मी बेअरर कोअर नावाचे दल होते, काम जखमींची वाहतूक. त्याआधीच्या काळात हेच काम डोलीवाहक कहार करत. पहिल्या महायुद्धानंतर हे दल इंडियन हॉस्पिटल कोअरमध्ये गेले, आणि १९४३ मध्ये त्यातून व इतर वैद्यकीय सेवांतून आजच्या आर्मी मेडिकल कोअरचे पूर्वरूप तयार झाले. पणजोबा बहुधा स्ट्रेचरवाहक होते.

घोडेस्वार आणि १९१४-१९१८ ही वर्षे असलेले पदक म्हणजे ब्रिटिश वॉर मेडल. दुसऱ्या बाजूला राजा पाचवा जॉर्ज. दुसरे पदक पिवळसर ब्राँझचे, त्यावर पंखांची स्त्री असेल तर ते व्हिक्टरी मेडल, फीत इंद्रधनुषी. चार टोकांचा तारा असता तर नाव पाठीवर असते. ही तिन्ही सेवापदके आहेत, शौर्यपदके नव्हेत. भारतीय शिपायांसाठीची शौर्यपदके म्हणजे इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट आणि १९०७ पासूनचे इंडियन डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडल. १९११ पासून व्हिक्टोरिया क्रॉसही भारतीयांना खुला झाला.

कडेवरची अक्षरे या क्रमाने वाचा : क्रमांक, हुद्दा, नाव, दल. भिंग घ्या आणि टॉर्चचा उजेड बाजूने तिरका पाडा, समोरून नको. तिरक्या उजेडात खोलगट अक्षरांची सावली पडते. किंवा कडेवर पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिल हलकी फिरवा. नावाचे इंग्रजी रूप चमत्कारिक असू शकते, कारण लिहिणारा कारकून ऐकून लिहायचा. आडनाव बहुतेकदा नसतेच. शोध घेताना नावापेक्षा क्रमांक जास्त उपयोगी.

चिंच, राख, पितांबरी यांपैकी काहीही लावू नका. काळपटपणाने पदकाचे नुकसान होत नाही, घासण्याने होते. उंचवट्यावरची नक्षी झिजते आणि कडेचा मजकूर जातो. मऊ सुती कापडात गुंडाळून ठेवा. प्लास्टिकच्या मऊ पिशव्या टाळा, त्या आत ओल धरतात आणि धातूवर हिरवट थर येतो. फीत विरली असेल तर काढून वेगळी ठेवा, फेकू नका. नवी फीत मिळते, जुनी मिळत नाही.

कागदोपत्री शोधासाठी : पणजोबा युद्धात वारले असतील तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर दलाचे नाव टाकून विनामूल्य शोधता येते. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, वारलेल्या आणि थडगे नसलेल्यांची नोंद बसरा स्मारकाखाली मिळते. परत आले असतील तर त्या यादीत नाव नसणार. मग फील्ड अॅम्ब्युलन्सच्या रोजनिश्या बघाव्या लागतात. त्या लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच संगणकावर पाहता येतात. रोजनिशीत शिपायांची नावे क्वचित येतात, पण पथक कुठल्या तारखेला कुठे होते हे कळते. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात लष्कर विभागाच्या जुन्या फायली आहेत. घरात पेन्शनचे कागद सापडले तर त्यावरचा क्रमांक पदकाच्या कडेशी ताडून पाहा. जुळला तर पुढचे सगळे सोपे.

प्रश्न : मेसोपोटेमियात जखमींचे फार हाल झाले असे वाचले. वाहक होते ना मग?
— शिक्षक, मंगळवेढा

उत्तर : वाहक होते, त्यांच्या मागची साखळी नव्हती. तिकडे गेलेल्या सहाव्या पूना डिव्हिजनमध्ये मराठा पलटणीही होत्या. नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफोनच्या लढाईत सुमारे साडेतीन हजार जखमी झाले, आणि त्यांना नदीपर्यंत न्यायला होत्या खेचरांच्या, स्प्रिंग नसलेल्या माल वाहण्याच्या गाड्या. दगडधोंड्यांतून जाणाऱ्या त्या गाडीत मोडलेल्या पायाचे काय होते, हे वर स्प्लिंटच्या वर्णनावरून कळेल. पुढे टायग्रिसमधून बोटीने बसरा. मेजिदिया बोट बसऱ्याला लागली तेव्हा जखमी जवळजवळ दोन आठवडे पट्टी न बदलता डेकवर पडून होते. इंडियन मेडिकल सर्व्हिसचे मेजर कार्टर यांनी त्या बोटीचे जे वर्णन केले, त्यावरून वरिष्ठांनी आधी त्यांनाच दरडावले. मग चौकशी बसली आणि १९१७ च्या मेसोपोटेमिया आयोगाच्या अहवालात सगळे छापून आले.

प्रश्न : गांधीजींना स्ट्रेचर उचलल्याबद्दल पदक मिळाले होते, हे खरे?
— वाचक, पंढरपूर

उत्तर : खरे. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात १८९९-१९०० मध्ये त्यांनी तिथल्या नाताळ वसाहतीतल्या भारतीयांचे सुमारे ११०० जणांचे पथक उभे केले. त्यांतले सुमारे ३०० स्वतंत्र, बाकीचे गिरमिटिया मजूर. गोळीबाराच्या टप्प्याबाहेर काम करायचे असे ठरले होते, पण स्पायन कॉपच्या लढाईत ते टप्प्याच्या आत गेले. जखमींना घेऊन दिवसाला वीस-पंचवीस मैल चालावे लागे. १९०६ मध्ये झुलू बंडाच्या वेळी त्यांचे पथक २४ जणांचे होते आणि हुद्दा सार्जंट मेजरचा. तिथे त्यांच्या वाट्याला मुख्यतः फटके खाल्लेल्या झुलूंच्या जखमा धुण्याचे काम आले, कारण गोरे परिचारक त्यांना हात लावायला तयार नव्हते. १ ऑगस्ट १९२० रोजी असहकाराच्या वेळी त्यांनी दोन्ही युद्धांची पदके आणि कैसर-ए-हिंद सुवर्णपदक व्हाइसरॉयना परत पाठवले.

प्रश्न : मराठी माणसांत असे कुणी?
— माजी सैनिक, माढा

उत्तर : स्ट्रेचरवाहक नव्हे, पण जखमींना उचलून आणल्याबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेले नामदेव जाधव आपल्या शेजारच्या अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या निमजचे. ५ व्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये ते कंपनीचे निरोप्ये होते. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीत सेनिओ नदी ओलांडताना पुढच्या तुकडीतले बहुतेक जण पडले. जाधवांनी एका जखमीला खोल पाण्यातून, उभ्या बांधावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून मागे नेले, परत येऊन दुसऱ्यालाही नेले. त्यानंतर शत्रूच्या मशीनगनची ठाणी एकट्याने मोडली. नदीचा बांध हा तिथला सर्वांत अवघड भाग : ओल्या मातीच्या उभ्या चढावर पाठीवर माणूस घेऊन चढताना हात मोकळे राहत नाहीत, आणि वर पोचताच माणूस आकाशाच्या पार्श्वभूमीवर उठून दिसतो.

मराठी नव्हे, तरी माजी सैनिकांना ६० व्या पॅराशूट फील्ड अॅम्ब्युलन्सची आठवण असेलच. लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या नेतृत्वाखाली हे पथक १९५० मध्ये कोरियाला गेले. मार्च १९५१ मध्ये मुन्सानीला अमेरिकन छत्रीधारी सैनिकांबरोबर त्यांच्यातल्या १२ जणांनी उडी घेतली. रंगराज यांना महावीर चक्र मिळाले.

प्रश्न : डॉ. कोटणीसांकडे जखमी कोण आणत असे? चित्रांत फक्त डॉक्टर दिसतात.
— वाचक, भैय्या चौक, सोलापूर

उत्तर : चांगला प्रश्न. १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात जन्मलेले द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये पाच डॉक्टरांच्या भारतीय पथकातून चीनला गेले आणि पुढे उत्तर चीनच्या डोंगराळ भागात, जपानशी लढणाऱ्या चिनी कम्युनिस्टांच्या आठव्या मार्ग सेनेबरोबर राहिले. तिथे मोटार-रुग्णवाहिका चालेल असा रस्ताच नव्हता. जखमी आणत ते गावकरी : बांबूच्या स्ट्रेचरवर, घराच्या दाराच्या फळ्या काढून त्यांवर, खेचरावर. एका गावची माणसे पुढच्या गावापर्यंत नेत आणि तिथले लोक ताबा घेत. वर सांगितलेली टप्प्यांची रीत इथेही तीच, फक्त लष्कराऐवजी शेतकरी.

डोंगरातून असे आणायला फार वेळ लागतो आणि तेवढ्यात जखमेत जंतू पसरतात. प्रतिजैविके तिथे नव्हती. म्हणून कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून यांनी उलटे केले : शस्त्रक्रियेचे सामान खेचरावर लादून टेबलच आघाडीजवळ नेले. एप्रिल १९३९ च्या लढाईत त्यांनी ६९ तासांत ११५ शस्त्रक्रिया केल्या. नोव्हेंबरात ते रक्तातल्या जंतुसंसर्गाने वारले. १९४१ मध्ये त्यांच्या नावाच्या रुग्णालयाची सूत्रे कोटणीसांकडे आली, आणि पद्धतही. त्याआधी १९४० मध्ये एका दीर्घ लढाईत ते सलग ७२ तास शस्त्रक्रिया करत होते, त्या लढाईत आठशेहून अधिक जखमी त्यांच्या हाताखालून गेले. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, अपस्माराने त्यांचा मृत्यू झाला. चौकाजवळच्या त्यांच्या स्मारकात अजून गेला नसाल तर जाऊन या.

प्रश्न : शेतात किंवा वारीच्या वाटेवर कुणी पडले आणि स्ट्रेचर नसेल तर सोलापुरी चादर चालेल का?
— शेतकरी, मोहोळ

उत्तर : चालेल, पण आधी दोन गोष्टी. झाडावरून किंवा वाहनावरून पडून मानेला, पाठीला मार असेल, हातापायांना मुंग्या असतील, तर जागचे हलवू नका. १०८ ला फोन करा आणि डोके दोन्ही हातांनी स्थिर धरून ठेवा. आग, पाणी, भरधाव वाहन असा धोका असेल तरच हलवायचे. दुसरे, रक्त वाहत असेल तर ते आधी दाबून थांबवा. स्ट्रेचर नंतर.

नेहमीची चादर साधारण ६० बाय ९० इंच असते. लांबी पुरते, अडचण रुंदीची. तीन पदर करून दोन बांबूंवर बसवली तर मध्ये जेमतेम दीड फूट जागा उरते. म्हणून दोन चादरी एकावर एक, एक फूट सरकवून घ्या. पहिला बांबू एका लांब कडेपासून दोन फुटांवर, लांबीच्या दिशेने ठेवा, ती बाजू त्यावरून आत घडी घाला. घडी घातलेल्या पदराच्या मोकळ्या कडेपासून चार बोटे आत दुसरा बांबू ठेवा आणि उरलेली चादर त्यावरून उलट आणा. गाठ लागत नाही. माणसाच्या वजनानेच पदर एकमेकांना धरतात. गुळगुळीत पॉलिस्टर चादरीचे पदर मात्र सुटतात, सुतीच घ्या.

आमची पसंती चादरीपेक्षा धान्याच्या गोणपाटाला. दोन पोती, प्रत्येकाच्या तळाचे दोन्ही कोपरे कापा, बांबू आतून घाला, तोंडे एकमेकांकडे. रुंदी सव्वादोन फूट मिळते, लांबी सात फुटांवर. फाटके पोते किंवा शिवण उसवलेले नको.

बांबू आठ फुटांचे, मुठीएवढे जाड, वाळलेले पण न तडकलेले. भोके आणि खाली पिवळी भुकटी दिसली तर भुंग्याने आतून खाल्लेला आहे, तो बांबू बाजूला टाका. डोक्याच्या आणि पायाच्या टोकाला एकेक आडवी काठी घट्ट बांधा. लष्करी स्ट्रेचरच्या लोखंडी सळीचे काम तीच करते. ती नसेल तर दोन्ही बांबू जवळ येऊन खांदे चेपतात आणि श्वास कोंडतो. आधी जखमीपेक्षा वजनदार धडधाकट माणूस त्यावर झोपवून वीतभर उचलून पाहा. मग जखमीला ठेवा, छाती आणि मांडीपाशी धोतराच्या किंवा ओढणीच्या पट्टीने बांधा, चौघांनी चार टोके धरा आणि एकानेच हुकूम द्या. तो ‘उचला’ म्हणेपर्यंत कुणीही आपले टोक उचलू नये.